आडनावाचा रकाना

बोर्जिगिन. बोर्जिगिन. पुन्हा बोर्जिगिन.
त्या हिवाळ्यात आमचा सगळा तालुकाच
राजवंशातला निघाला:
मेंढ्या कातरणारे, ट्रकची चाकं बदलणारे,
शाळेची घंटा बडवणारा एकडोळ्या लुव्सानसुद्धा.
सत्तर वर्षांपूर्वी सरकारनं आडनावं पुसली होती,
आता सरकारलाच ती हवी होती,
त्सागान सारच्या आत, तीन प्रतींत.

मी कुणाला अडवलं नाही.
कूळ आठवतच नसेल
तर माणसानं थोरलं का आठवू नये?

मग तो आला. सत्तरीचा असेल.
भुवयांवर बर्फ, हातात घोड्याचा लगाम.
घोडा बाहेर, लगाम आत,
लोखंड गारठून घोड्याची जीभ सोलू नये म्हणून.
शेकोटीजवळ लगाम टांगला
आणि माझ्यासमोर बसला, पाहुणा बसतो तसा, अर्धाच.

नाव?
नेरग्वी.

म्हणजे 'नाव नाही'.
मी तसंच लिहिलं, नावाच्या रकान्यात.
आमच्याकडे याचं कुणाला नवल वाटत नाही.
पाळणा दोनदा रिता झाला की
आई तिसऱ्याचं नाव ठेवत नाही,
त्याला नावं ठेवते:
'माणूस नव्हे', 'तो नव्हे', 'वाईट कुत्रं'.
मृत्यू यादी घेऊन तंबूच्या दाराशी आला,
हाक मारली,
तर आतून कुणी ओ देता कामा नये.

मला हे माहीत असायलाच हवं.
माझं नाव एनेबिश. 'ही नव्हे.'
माझ्या आधी मात्र कुणी मेलं नव्हतं.
तिघी बहिणी होत्या, तिन्ही धडधाकट.

आडनाव? मी विचारलं.
तो लगामाकडे बघत राहिला.
म्हणाला, आधी दोघं होती.
त्यांना चांगली नावं दिली होती, वजनदार.
पेलली नाहीत.
त्यातलं एक घाला.

सांगा.

तोंडानं घेत नाहीत ते.
आईनं घेतलं नाही मरेपर्यंत.
मी कुठून घेऊ?

मग तो उठला, खिडकीशी गेला.
काचेवर आतून जाड दहिवर धरलं होतं.
त्यावर बोटानं लिहिलं, वरून खाली,
जुन्या लिपीत, मामानं चोरून शिकवलेल्या:
एक कणा, त्याला दात,
मध्ये एक पोट, शेवटी शेपटी.

मी रशियन अक्षरांवर वाढलेली.
जुनी लिपी मला आजीच्या पेटीवरच्या नक्षीइतकीच येते.
विचारायला हवं होतं.
पण त्याची पाठ बघून विचारवेना,
आणि शेकोटी तापत होती,
पोटातून एक थेंब निघाला होता
आणि शेपटीकडे चालला होता.

मी घाईनं उतरवलं.
दातांची अक्षरं केली, पोटाचं एक,
उरलं ते अंदाजानं.
त्याला वाचून दाखवावं लागणार नव्हतं,
त्याला ऐकायचंच नव्हतं.
त्यानं अंगठा उठवला, गरम लगाम घेतला, गेला.

आता त्याचा नातू कोळसा वाहतो.
मागच्या फळीवर ते आडनाव
हातभर अक्षरांत रंगवलंय, लाल.
असं कूळ कुठल्याच पोथीत नाही.
राजधानीतला एक अभ्यासक येऊन गेला,
म्हणे फार प्राचीन दिसतं,
उत्तरेकडचं असावं, नदीशी काही संबंध.
मी त्याला चहा दिला.

चुकीचं असेल तर बरंच.
त्या बाळाला आता कुणी हाक मारत नाही,
आणि तरी रोज कुणीतरी त्याला
घाटातून कोळशाबरोबर वर चढवतं.

माझा अर्ज शेवटच्या दिवशी भरला.
खूप विचार केला होता.
आईचं गाव, विहिरीचं नाव,
बहिणींनी मला मारायच्या ती एक हाक.
बाहेर रांग होती, दिवा फडफडत होता.
बोर्जिगिन लिहिलं.
हाताला सवय होती.